पहिला तास मोटर बंद : एका कॉलनीचं पाणी, डीपी आणि चुकलेला राग

हे प्रकरण लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं, मे २०१९ मधलं. गावाचं नाव देत नाही आणि माणसांचीही देत नाही, कारण यातले बहुतेक जण अजून भिंतीला भिंत लावून राहतात आणि एकाच दुकानातून उधारीवर साखर नेतात. मी समाजकार्याच्या वर्गाला शिकवते. विद्यार्थी प्रकरण लिहून आणतात तेव्हा त्यात सहसा एक पीडित असतो, एक दोषी असतो आणि शेवटच्या पानावर समुपदेशन असतं. इथे महिनाभरात दोषी चारदा बदलला. म्हणून दर वर्षी मी हेच प्रकरण वर्गात घेते.

उतार

गावाच्या कडेला ज्वारीच्या रानात प्लॉट पडले, एन.ए. (बिगरशेती) झालं, डांबरी रस्ते झाले, गटारी निम्म्या झाल्या आणि साठेक घरांची कॉलनी उभी राहिली. शिक्षक, एसटीतून निवृत्त झालेले, आडत दुकानातले मुनीम, मुलांच्या शाळेसाठी गावात घर बांधलेले शेतकरी अशी वस्ती. जमिनीला ओढ्याच्या बाजूने उतार आहे. ओढ्याकडची ती खालची गल्ली, चढावरची ती वरची. चालताना हा उतार लक्षातही येत नाही, पण पाण्याला तो पक्का ठाऊक असतो. दहा मीटर उंचीवर पाणी चढवायचं तर एक किलोचा दाब खर्ची पडतो. टाकीतून निघालेला दाब वाटेतल्या गळत्यांत, वळणांत आणि खालच्या गल्लीच्या नळांत वाटला जात वर पोचतो तेव्हा फारसा उरलेला नसतो.

कागदावर नळ पाच दिवसांआड. आदल्या वर्षी पावसाने ओढ दिली होती; ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्यातले १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले होते. एप्रिलमध्ये नळाचा गॅप आठ दिवसांवर गेला, मेमध्ये दहावर. वेळेचा भरवसा नव्हताच. कधी पहाटे, कधी रात्री दोनला. ज्याच्या अंगणात तोटी फुसफुसायला लागली तो भिंतीवर वाटी वाजवायचा आणि मग ‘नळ आले, नळ आले’ अशी हाक वर चढत जायची.

इथे थोडा हिशेब करावा लागतो. भुयारी गटार नसलेल्या गावाला नळाने माणशी रोज ७० लिटर पाणी द्यावं, असं केंद्राच्या पाणीपुरवठा नियमावलीत आहे. भुयारी गटार असेल तर १३५. पाच माणसांचं घर आणि दहा दिवसांचा गॅप धरला तर ७० च्या हिशेबानेही साडेतीन हजार लिटर एका रात्रीत भरून ठेवावे लागतात. म्हणजे नळ आला की प्रत्येक घर दहा दिवसांचं पाणी तासा-दोन तासांत ओढायला बघतं. रोज तासभर पाणी आलं असतं तर तेवढंच पाणी शांतपणे वाटलं गेलं असतं. पाण्याची टंचाई खरी होती, पण त्या टंचाईची झुंबड करण्याचं काम गॅपने केलं.

शिवाय मधले नऊ दिवस पाइप रिकामा. रिकाम्या पाइपात हवा शिरते, जिथे सांधा ढिला तिथून गटाराचं पाणी शिरतं. म्हणून नळ आला की आधी हवा, मग तांबूस गढूळ पाणी आणि मग वापरण्याजोगं. या गावात पाइप जुने सिमेंटचे आणि माती काळी. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते. तिच्या पोटात गाडलेला पाइप वर्षातून दोनदा असा हलवला जातो आणि सांध्यावर निसटतो. ओढ्याजवळ एक गळती वर्षानुवर्षं होती. तिच्या आजूबाजूला उन्हाळ्यातही हिरवळ असायची आणि शेजारची शेळी तिथे बांधलेली असायची. शेळीवाल्यांची काही तक्रार नव्हती.

माणसं

वरच्या गल्लीच्या टोकाला काकू राहतात. नवरा गेल्यापासून शेवया, कुरडया, पापड करून विकतात. मे म्हणजे त्यांचा हंगाम. कुरडईला गहू तीन दिवस भिजत घालायचा आणि रोज पाणी बदलायचं, म्हणजे पाणी हे त्यांचं भांडवल. खालच्या गल्लीत निवृत्त गुरुजी. कॉलनीचे सगळे अर्ज तेच लिहितात, अक्षर मोत्यासारखं.

पाणीवाले मामा पन्नाशीचे. सायकलच्या दांडीला टी आकाराची लोखंडी चावी बांधलेली. ती चेंबरमध्ये उतरवायची, व्हॉल्व्हच्या माथ्यावर बसवायची आणि आटे फिरवायचे. गावाच्या या बाजूचे सगळे भाग त्यांच्याकडे. एका भागाचा व्हॉल्व्ह खोलला की दुसऱ्याचा बंद करायचा, रात्रभर हेच. वरच्या गल्लीचं ठाम मत होतं की मामा खालच्यांचे आहेत. ‘हात ओला केल्याशिवाय आटा फिरत नाही त्यांचा,’ हे काकूंचं वाक्य. मार्चमध्ये मामांच्या बदलीचा अर्ज गेला होता. तो गुरुजींनीच लिहिला होता, वरच्या गल्लीवर अन्याय नको म्हणून.

आणि वायरमन. तिशीच्या आतला मुलगा, ठेकेदारामार्फत लागलेला. अख्खी कॉलनी त्याला दादा म्हणते आणि लाईट गेली की शिव्या घालते.

डीपी

मेच्या मध्यावर एका रात्री जेवणाच्या वेळेला कोपऱ्यावरच्या डीपीतून, म्हणजे कॉलनीला वीज देणाऱ्या रोहित्रातून, मोठा आवाज आला, जळक्या तेलाचा वास आला आणि कॉलनी काळोखात गेली. दादा आला, लांब काठीने डीओ, म्हणजे डीपीचा वरचा फ्यूज, बसवला. तो परत उडाला. त्याने टॉर्च मारून टाकीवरून ओघळलेलं तेल पाहिलं आणि म्हणाला, ‘वाइंडिंग गेलंय. डीपीच बदलावी लागणार.’

डीपी १०० केव्हीएची होती. ११,००० व्होल्ट घेऊन ती ४३३ व्होल्ट करून देते आणि प्रत्येक फेजवर साधारण १३० अँपिअर सोसते. ती बसवली तेव्हा निम्मे प्लॉट रिकामे होते आणि घरांत पंखे, ट्यूबलाईट, एखादा कूलर. आता दीड टनाचा एसी सात-आठ अँपिअर ओढतो, पाण्याची एक एचपीची मोटर पाच-सहा. तरीही १३० चा आकडा काही एका दिवसात ओलांडला गेला नव्हता. खरी गोम वेगळी होती. ज्यांच्या घरात तिन्ही फेज आलेत ते व्होल्टेज पडलं की फ्यूज काढून चांगल्या फेजला घर जोडतात. दोन-तीन घरांनी केलं तर चालून जातं. मेच्या रात्री तीस घरांनी केलं की चांगला फेज वाईट होतो आणि बाकीचे दोन निम्मे रिकामे राहतात. दादाने हे कॉलनीला अनेकदा सांगितलं होतं. त्याच्याकडे सांगण्यापलीकडे अधिकार नव्हता.

कार्यालयातून उत्तर आलं की जिल्ह्याला डीपी शिल्लक नाही, दुरुस्तीच्या यादीत नंबर लागेल. आणि आचारसंहिता आहे. लोकसभेचं मतदान होऊन गेलं होतं, निकाल २३ मेला होता. जळालेली डीपी बदलायला आचारसंहिता आडवी येत नाही. ही चालू सेवेची दुरुस्ती आहे, नवं काम नव्हे. पण त्या महिन्यात हा शब्द सगळ्या टेबलांवर पेपरवेटसारखा ठेवलेला असायचा. कोणीतरी सुचवलं की टेम्पो कॉलनीने केला तर डीपी लवकर येईल. वर्गणी जमलीसुद्धा. मराठवाड्यात शेतकरी हे वर्षानुवर्षं करत आलेत, त्यामुळे कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. रोहित्र बदलायला वीज नियामक आयोगाने तासांची मुदत घालून दिलेली असते आणि ती चुकली तर ग्राहकाला भरपाई मागता येते, हे साठ घरांत एकालाही ठाऊक नव्हतं. भरपाई मागायची सोडून आपण भाडं भरत होतो.

पहिल्या दोन दिवसांत राग वायरमनवर निघाला. एका गृहस्थांनी त्याच्या मोटरसायकलची चावी काढून घेतली. ‘डीपी आल्याशिवाय जायचं नाही.’ तो मुलगा तासभर त्यांच्याच ओट्यावर बसून राहिला आणि तेवढा वेळ गावातल्या दुसऱ्या तीन तक्रारी तशाच पडून राहिल्या.

हापसा

बोअरच्या मोटरी बंद, टाक्या तळाला. जारवाल्या पोराच्या आर.ओ. प्लांटला जनरेटर होता, त्याने भाव वाढवला नाही. हे नोंदवून ठेवते, कारण टँकरवाल्याने वाढवला.

ओढ्यापलीकडे एक जुनी वस्ती आहे, तिथे हापसा आहे. कॉलनीला तो ठाऊक होता, पण ‘त्यांचा’ म्हणून. तिसऱ्या दिवशी कॉलनीतल्या बायका कळशा घेऊन तिथे उभ्या राहिल्या. वस्तीतल्या बायकांनी नियम सांगितला : आमच्या दोन कळशा, मग तुमची एक. कोणी कोणावर उपकार केल्यासारखं बोललं नाही. या हापशाच्या वंशावळीत मराठवाडा आहे, हे मी वर्गात मुद्दाम सांगते. जालन्याच्या मिशनमध्ये बनलेल्या लोखंडी पंपावरून पुढे सोलापूर पंप झाला आणि त्याच्या आधाराने १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीने ‘इंडिया मार्क २’ तयार झाला, जो पुढे देशभर आणि आफ्रिकेपर्यंत गेला. फेज लागत नाही, गॅप लागत नाही. दांडा आणि खांदे. बेसॉल्टच्या खडकात पाणी भेगेभेगेत असतं. कॉलनीत एकमेकांपासून दोनशे फुटांवर घेतलेल्या दोन बोअरमध्ये एक कोरडा आणि एक ओला निघतो. वस्तीचा हापसा नशिबाने ओल्या भेगेवर बसला होता.

त्या रात्रीचं पाणी

डीपी यायच्या आदल्या रात्री नळाची पाळी आली. दोन वाजून गेले असतील. मामांनी नेहमीसारखा व्हॉल्व्ह खोलला. खालच्या गल्लीत हाक उठली, पण यावेळी हाक वर चढायच्या आत पाणीच वर चढलं. काकूंच्या नळाला, जिथे एरवी करंगळीएवढी धार असायची, तिथे तोटी थरथरायला लागली. काकूंनी हौद भरला, पिंप भरलं, कढया, पातेली, कुरडईच्या गव्हाची भगोणी भरली आणि मग कॉलनीतल्या कोणाला सुचलं नसतं ते केलं. टॉर्च घेऊन व्हॉल्व्हच्या चेंबरपाशी गेल्या.

‘मामा, आज कसं काय एवढं सोडलंत?’

‘आक्का, रोजच्याएवढेच आटे खोललेत. लाईट नाय, मोटरी नायत. लई दिवसांपासून सांगायलोय मी, कोण ऐकायलंय?’

एवढंच संभाषण. त्याच्याभोवती हे प्रकरण फिरतं.

खालच्या गल्लीतल्या जवळपास प्रत्येक घराची मोटर थेट नळाच्या लाइनवर होती. नळ आला की कळ दाबायची, मोटर पाइपातलं पाणी शोषून घेते आणि वरच्या गल्लीला जायचा दाब तिथेच संपतो. शिवाय शोषलेल्या पाइपात ढिल्या सांध्यातून गटाराचं पाणीही ओढलं जातं. ज्यांची मोटर मोठी त्यांना पाणी जास्त आणि घाणही जास्त. इन्व्हर्टरवर एक एचपीची मोटर उठत नाही, कारण सुरू होताना ती चालू प्रवाहाच्या कितीतरी पट मागते. म्हणून त्या रात्री सगळ्या मोटरी खरोखरच मुक्या होत्या. डीपी जळाल्यामुळे वरच्या गल्लीला पाणी मिळालं. एका सेवेच्या बिघाडाने दुसऱ्या सेवेचा बिघाड उघडा पाडला.

खालच्या गल्लीची त्या रात्रीची तक्रार वेगळी होती. जमिनीतला हौद भरला, पण गच्चीवरच्या टाकीत चढवायचं कसं? बादल्यांनी. गुरुजींच्या सुनेने पहाटेपर्यंत बादल्या चढवल्या आणि खाली येऊन सासऱ्यांना एकच वाक्य ऐकवलं, ते मला कोणी सांगितलं नाही.

चार दोषी

पहिला दोषी मामा, दुसरा वायरमन. काकूंनी चेंबरपाशी ऐकलेलं सकाळी गल्लीत सांगितलं तेव्हा तिसरा दोषी ठरला : खालची गल्ली. दोन दिवस वरचे लोक खालच्यांशी बोलत नव्हते. मारुतीच्या देवळात बैठक झाली. गुरुजी म्हणाले, ‘अहो, २०१६ आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. त्या मानाने आपण सुखी आहोत.’ हे वाक्य या भागात नेहमी येतं आणि ते खोटं नाही. १२ एप्रिल २०१६ ला पहिली गाडी दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन आली. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या, पंचवीस-पंचवीस लाख लिटरच्या. धनेगावचं मांजरा धरण तेव्हा तळाला गेलं होतं आणि लातुरात टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. मिरजेच्या लोकांनी पाणी दिलं, रेल्वेने ते शेकडो किलोमीटर वाहून आणलं, याची जाणीव लातूरच्या माणसाला जन्मभर राहील.

पण काकूंनी विचारलं, ‘तेव्हा वाचलो म्हणून आता गप बसायचं का?’

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात शहाणा प्रश्न हाच. ‘कृतज्ञ राहा’ हे आपल्याकडे पुष्कळदा ‘गप्प बसा’ याचं सभ्य रूप असतं. रोज तीन चांगल्या गोष्टी लिहा, मन शांत होईल, असा व्यायाम आमच्याही क्षेत्रात लोकप्रिय आहे. मन शांत होतही असेल, ओढ्याजवळची गळती मात्र त्याने थांबत नाही. काकूंना मामांबद्दल जे वाटलं ते या व्यायामातून आलेलं नव्हतं. रात्री दोनला कोण काय करतं ते त्यांनी स्वतः जाऊन पाहिलं, त्यातून ते आलं. तोवर मामा म्हणजे न येणाऱ्या पाण्याचा चेहरा होते. त्या रात्रीनंतर ते रोजच्याएवढेच आटे खोलणारा माणूस झाले.

चौथा दोषी शोधायला बैठकीला तासभर लागला आणि तो माणूस नव्हता. दहा दिवसांचा गॅप असेल तर मोटर न लावणारं घर तहानलेलं राहतं. व्होल्टेज पडत असेल तर फेज न बदलणारं घर उकाड्यात झोपतं. दोन्ही ठिकाणी प्रत्येक जण आपलं घर सांभाळत होता आणि सगळे मिळून सगळ्यांचं बिघडवत होते. हे दादाला ठाऊक होतं, मामांना ठाऊक होतं. दोघांना विचारलं कोणी नव्हतं, कारण दोघांशी आपला संबंध फक्त सेवा बंद पडल्यावर यायचा. डीपी चालू असताना वायरमनला कोण हाक मारतो?

अर्ज

गुरुजींनी नवे अर्ज लिहिले. नगरपालिकेला : ओढ्याजवळची गळती काढा, नळाची वेळ आदल्या दिवशी कळवा, पाणी चालू असताना या भागाची वीज बंद ठेवायला सांगा. वीज कार्यालयाला : डीपीची क्षमता वाढवा, घरं तिन्ही फेजवर समान वाटून द्या आणि उशिराची भरपाई. काकूंनी हट्ट धरला की मामांबद्दल चांगलं लिहिलेलं एक वेगळं पत्र जावं, मार्चच्या अर्जाच्या उत्तरादाखल. गुरुजींनी तेही लिहिलं. बहुधा त्यांच्या आयुष्यातला तो पहिला अर्ज असावा ज्यात ‘तरी’ हा शब्द नव्हता.

आवक-जावक टेबलावरच्या बाबूंनी ते पत्र दोनदा वाचलं. ‘यात मागणी काय आहे?’ काही नाही, आभार आहेत. ‘मग विषय काय टाकू?’ शेवटी त्यांनी रजिस्टरमध्ये सवयीने लिहिलं : पाणीपुरवठा कर्मचाऱ्याबाबत तक्रार. आठवड्याभरात मामांना खुलाशाचं पत्र आलं.

हे ऐकून वर्ग हसतो. मामांना हसू आलं नसणार. काकू, गुरुजी आणि आणखी काही जण कार्यालयात गेले, तिथे अधिकाऱ्यासमोर पत्र वाचून दाखवलं आणि गैरसमज मिटला. पण तिथेच बोलता बोलता कळलं की मामा नगरपालिकेच्या पगारपत्रकावर नाहीतच. ठेकेदाराच्या हजेरीवर आहेत आणि ठेकेदाराने त्यांना दोन महिन्यांपासून पैसे दिलेले नाहीत. ज्या माणसाचा हात ओला होतो असं वरची गल्ली सांगत होती, त्याच्या हातात मार्चपासून काहीच पडलं नव्हतं आणि तरी तो रात्री दोनला चावी घेऊन येत होता.

इथून आभाराला काम मिळालं. त्या वेळी लागू असलेल्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात स्पष्ट होतं की ठेकेदाराने वेतन दिलं नाही तर मूळ नियोक्त्याने ते द्यायचं आणि ठेकेदाराकडून वसूल करायचं. आमच्या विभागातल्या एका सहकाऱ्याने गुरुजींना ते कलम काढून दिलं. मामांनी स्वतः सही करायला नकार दिला. उद्या ठेका दुसऱ्याकडे गेला तर नाव काळ्या यादीत नको, असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबरच होतं. मग कॉलनीने पाणीपट्टी भरणारे ग्राहक म्हणून अर्ज केला : आमच्याकडून घेतलेल्या पट्टीतून व्हॉल्व्हचं काम करणाऱ्यांचं वेतन दिलं गेलं का, याची माहिती मिळावी.

काय झालं, काय नाही

डीपी पाचव्या दिवशी आली, तेवढ्याच क्षमतेची. भाड्याचे पैसे परत मिळाले नाहीत आणि भरपाईचा अर्ज ‘विचाराधीन’ आहे असं उत्तर आलं. २०० केव्हीएची मंजुरी पुढच्या वर्षी मिळाली. घरं फेजवर वाटून द्यायचं काम मात्र दादाने एका रविवारी खांबावर चढून केलं. त्याची मोटरसायकल अडवणारे गृहस्थ शिडी धरून खाली उभे होते. माफी वगैरे मागितली की नाही मला माहीत नाही. शिडी धरली होती, हे पाहिलं.

पाण्याच्या वेळी वीज बंद ठेवायला नकार मिळाला, कारण त्याच लाइनवर दवाखाना आहे. म्हणून कॉलनीने स्वतः ठरवलं : नळ आल्यावर पहिला तास मोटर बंद. गुरुजींनी काकूंच्या नळाखाली वीस लिटरची बादली ठेवून घड्याळ लावलं, एकदा मोटरी चालू असताना आणि एकदा बंद असताना, आणि दोन्ही वेळा देवळाच्या भिंतीवर खडूने लिहिल्या. फरक इतका होता की वाद झाला नाही. नियम बहुतेक पाळतात. दोन घरं पाळत नाहीत, सगळ्यांना माहीत आहेत कोणती. काकू नळाच्या रात्री एक फेरी मारतात. मोटरचा आवाज बंद खिडकीतूनही ऐकू येतो.

गळती पावसाळ्यानंतर काढली. शेळीवाल्यांनी थोडे दिवस तोंड फिरवलं.

हापशाची वायसर झिजली होती, दांडा दहा वेळा मारल्यावर पाणी यायचं. कॉलनीने वर्गणी काढून ती बदलून घेतली. डीपीच्या टेम्पोला दिली तेवढीच वर्गणी बसली, पण यावेळी कोणी कुरकुर केली नाही.

डिसेंबरात येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, आली. लातूर-धाराशिवकडे ज्याला रान आहे तो ज्याला रान नाही त्याला येळवशीला जेवायला बोलावतो. शहरं त्या दिवशी ओस पडतात. गुरुजींच्या रानात कडब्याची कोपी घातली होती, पांडव मांडले होते. कॉलनी होती, ओढ्यापलीकडच्या बायका होत्या, दादा बायकोला घेऊन आला होता. मामा उशिरा आले, रात्रपाळी करून. उंडे, भज्जी आणि आंबिलीचं मडकं. जेवता जेवता गुरुजींनी हळूच विचारलं, ‘पैसे मिळाले का?’ एक महिन्याचे मिळाले होते. दुसऱ्या महिन्याबद्दल ठेकेदार सांगत होता की बिलच निघालेलं नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये ठेका बदलला. नव्या ठेकेदाराने मामांना दुसऱ्या भागात टाकलं आणि इथे एक तरुण मुलगा आला. त्याला पहिल्याच रात्री काकूंनी चहा विचारला आणि आटे किती खोलतो तेही विचारलं. तो घाबरला. ही बाई तक्रार करणार असं त्याला वाटलं असावं.

वर्गासाठी

विद्यार्थ्यांना मी या प्रकरणावर दोन प्रश्न देते. पहिला : गुरुजींच्या सुनेची बाजू एका पानात लिहा, कारण ती या प्रकरणात कुठेच नीट आलेली नाही. दुसरा : मामांचा थकलेला दुसरा महिना आता कोणाकडे मागायचा? जुना ठेकेदार, नवा ठेकेदार की नगरपालिका? अर्ज लिहून आणा, आणि वर ‘प्रति’ म्हणून कोणाचं नाव घातलं आणि का, ते खाली चार ओळींत सांगा.